पेल एल: दोन ग्लासांमधला फरक नेमका कशामुळे?

एका मित्राने एकदा माझ्यासमोर दोन ग्लास ठेवले. दोन्हींत तांबूस-सोनेरी बिअर. उजव्या ग्लासातला फेस जरा बसलेला होता, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही. "दोन पेल एल आहेत. काय फरक वाटतो सांग," एवढंच तो म्हणाला. मी चांगला पाऊण तास लावला. हुंगलं, घोट घेतले, जाणकारासारखे डोळे मिटले, कागदावर टिपून ठेवलं. डावीकडची: 'करकरीत, कडू, पपनसाच्या सालीची आठवण.' उजवीकडची: 'गोडसर, मऊ, पिकल्या फळाचा वास, ही जास्त जमलीय.' मग त्याने मागे लपवलेला कॅन पुढे केला. कॅन एकच होता. उजवा ग्लास त्याने मी यायच्या आधीच भरून टेबलावर ठेवला होता, डावा आत्ता फ्रिजमधून काढून भरला होता.

फजिती झाली खरी. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, टिपणं खोटी नव्हती. दोन ग्लासांत फरक होताच. मी तो दोन ब्रूअरींच्या, म्हणजे बिअर करणाऱ्या कारखान्यांच्या, नावावर जमा केला आणि तो निघाला तापमानाचा. चाखताना बहुतेकांचं असंच होतं. जिभेला आणि नाकाला फरक कळतो, चूक होते ती कारण सांगताना. म्हणून पेल एल ताडून पाहायची असेल तर कसब जिभेचं कमी आणि मांडणीचं जास्त लागतं: एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. ती एक गोष्ट कोणती असू शकते हे कळायला आधी ग्लासात काय काय असतं ते बघू.

पेल, पण कशाच्या तुलनेत?

'पेल' म्हणजे फिकट, पण नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर पेल एल फार फिकट नसते. लागरशेजारी, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरशेजारी, ठेवली तर उलट गडदच दिसते. नावाचं कोडं इंग्लंडच्या इतिहासात सुटतं. बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि योग्य वेळी वाळवून मोडांची वाढ थांबवायची, की झालं माल्ट. पूर्वी हे वाळवणं लाकडाच्या किंवा पेंढ्याच्या जाळावर व्हायचं. जाळ हाताबाहेर जायचा, धूर लागायचा, माल्ट तपकिरी आणि करपट निघायचं. सतराव्या शतकात दगडी कोळशापासून केलेला कोक या कामाला वापरायला लागले. त्याला धूर जवळपास नाही आणि आच बेताची ठेवता येते. माल्ट फिकट निघालं, त्याची बिअरही फिकट झाली. शेजारी काळपट बिअर होत्या, त्यांच्या मानाने ही 'पेल'.

'एल' हा भाग यीस्टचा. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला काम करतं, लागरचं त्याहून बऱ्याच थंडीत. उबेत काम करणारं यीस्ट साखरेचं अल्कोहोल करता करता एस्टर नावाची फळांच्या वासाची संयुगंही सोडतं. एलमध्ये कधी पेअरचा, कधी सफरचंदाचा पुसट वास येतो तो यातून. बाहेरून फळ घातलेलं नसतं.

मग पाणी. इंग्लंडमधलं बर्टन अपॉन ट्रेंट हे गाव एकोणिसाव्या शतकात पेल एलसाठी गाजलं, ते बरंचसं तिथल्या विहिरींमुळे. पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणजे सल्फेट भरपूर. सल्फेट असलं की कडवटपणा कोरडा आणि टोकदार लागतो, घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं. पुढे इतर ठिकाणचे ब्रूअर आपल्या पाण्यात मुद्दाम जिप्सम घालायला लागले. क्लोराइड जास्त असेल तर उलट परिणाम होतो, बिअर गोलसर आणि भरदार लागते. आजच्या गढूळ, रसाळ पेल एल करणारे क्लोराइडकडे झुकतात आणि जुन्या करकरीत वळणाचे सल्फेटकडे. दोन पेल एलमध्ये एक 'टोचते' आणि एक 'पसरते' असं वाटलं, तर त्यात पाण्याचाही हात असू शकतो.

पण क्राफ्ट पेल एल म्हटल्यावर आज आपल्या डोक्यात, खरं तर नाकात, जे येतं ते अमेरिकेतलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधनातून तयार झालेला कॅस्केड नावाचा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) वाण १९७२ मध्ये बाहेर आला. इंग्लिश हॉप्सचा वास माती, गवत, मध, सुकलेली फुलं असा दबका. कॅस्केडचा वास पपनसाची साल, पाइन, फुलं असा उघड, आणि सुरुवातीला तो अनेकांना भडक वाटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये तो वापरला. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सिएरा नेवाडा ब्रूअरीने १९८० मध्ये आपली पेल एल काढली आणि तिने पुढच्या दोन पिढ्यांना या प्रकाराची व्याख्याच करून दिली. नंतर सिट्रा, मोझॅइक, ऑस्ट्रेलियाचा गॅलेक्सी, न्यूझीलंडचा नेल्सन सोविन असे वाण आले आणि वास आंबा, पॅशनफ्रूट, लिची, पांढरी द्राक्षं अशा दिशांना फुटले.

एकच फूल, दोन कामं

हॉप्स हे एका वेलीचं मादी फूल, भांगेच्या कुळातलं. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळ्या पुडीसारख्या बारीक ग्रंथी असतात. त्यांत रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ, असतं आणि सुगंधी तेलं असतात. पेल एल समजून घ्यायची तर हे दोन्ही वेगळे धरायला हवेत, कारण बिअर करताना माल्टचं गोड पाणी उकळतात, त्या उकळीत ते उलट वागतात.

रेझिनमधली अल्फा आम्लं मुळात पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि फारशी कडूही नसतात. तास-दीड तास खळखळून उकळलं की त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा आम्लं तयार होतात, आणि ती कडू लागतात. म्हणजे कडवटपणा हवा असेल तर हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घालायचे. पण तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. वास हवा असेल तर हॉप्स शेवटी घालायचे, आच बंद केल्यावर घालायचे, किंवा थंड झालेल्या, आंबत असलेल्या बिअरमध्ये तसेच टाकायचे. या शेवटच्या पद्धतीला ड्राय हॉपिंग म्हणतात. घरात फोडणी आधी द्यायची की वरून द्यायची यावर पदार्थाचा वास बदलतो, तसंच काहीसं.

त्यामुळे 'हॉप्स भरपूर घातलेत' या वाक्यावरून बिअर कडू असेल की नाही हे अजिबात कळत नाही. एखाद्या गढूळ पेल एलमध्ये दुप्पट हॉप्स असतील आणि ती जुन्या पद्धतीच्या स्वच्छ पेल एलपेक्षा कमी कडू लागेल, कारण जवळपास सगळे हॉप्स उकळीनंतर पडलेत. 'मला हॉप्स आवडत नाहीत' म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना खरं तर कडवटपणा आवडत नसतो. त्यांना वासाच्या बाजूने नेलं की तक्रार संपते. हे मी निदान पाच-सहा जणांच्या बाबतीत पाहिलंय.

डब्यावर कधीकधी आयबीयूचा, म्हणजे कडवटपणा मोजायच्या एककाचा, आकडा असतो. १ आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. बिअर परीक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या बीजेसीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत अमेरिकन पेल एलला ३० ते ५० आयबीयू आणि ४.५ ते ६.२ टक्के अल्कोहोल अशी चौकट दिली आहे. अमेरिकन आयपीएला (इंडिया पेल एल, पेल एलचंच जास्त कडक भावंड) ४० ते ७० आणि ५.५ ते ७.५. चौकटी एकमेकींवर चढलेल्या आहेत, त्यामुळे एका ब्रूअरीची पेल एल दुसरीच्या आयपीएपेक्षा जहाल असू शकते आणि त्यात काही फसवणूक नाही. शिवाय आकडा मोजतो आम्ल, जीभ मोजते तोल. ४० आयबीयूची एक बिअर बरीच साखर उरलेली असेल तर सौम्य वाटेल. तेच ४० कोरड्या, हलक्या बिअरमध्ये चांगले झोंबतील. मी आयबीयू बघतो, पण चाखून झाल्यावर.

मांडणी

आता प्रत्यक्ष काम. पहिला प्रश्न: आज काय ताडून पाहायचंय? 'सहा पेल एल आणल्या, बघू कोणती भारी' यातून गंमत होते, कळत काही नाही. प्रश्न छोटा करा. इंग्लिश वळणाची एक आणि अमेरिकन वळणाची एक, अल्कोहोल साधारण सारखं: यात हॉप्सच्या वासाचा फरक ढळढळीत दिसतो. किंवा एक स्वच्छ आणि एक गढूळ: यात घोट तोंडात कसा वाटतो ते कळतं, कारण गढूळवाल्यांत बहुधा ओट्स किंवा गहू असतो आणि त्यातल्या प्रथिनांमुळे घोट मऊ लागतो. किंवा एकाच ब्रूअरीच्या, एकेका वाणाच्या हॉप्सपासून केलेल्या दोन बिअर मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. बाकी सगळं जवळजवळ सारखं आणि वाण तेवढा वेगळा.

तापमान सारखं हवं, हे सांगायला मी सगळ्यात लायक माणूस आहे. अमेरिकन वळणाच्या पेल एलला ७ ते १० अंश बरं, इंग्लिश वळणाचीला ११ ते १३ पर्यंत चालतं. फ्रिजमधून काढल्या काढल्या ती ३-४ अंशांवर असते आणि तेवढ्या थंडीत वासाची संयुगं ग्लासातून वर येतच नाहीत, गॅस टोचतो, कडवटपणा पुढे येतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, पण सगळ्या एकाच वेळी बाहेर काढा.

ग्लास एकसारखे घ्या, तोंडाशी किंचित निमुळते असले तर वास कोंडला जातो. साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि वासही बिघडतो. ग्लास स्वच्छ आहे की नाही हे बिअर ओतल्यावर कळतं: आतल्या भिंतीला बुडबुड्यांचे पुंजके चिकटून बसले असतील तर तिथे काहीतरी ओशट राहिलंय. एकेका ग्लासात ६०-७० मिलिलिटर पुरेत. कमी ओतण्यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे चौथ्या-पाचव्या नमुन्यापर्यंत जीभ थकते, कडवटपणा साचत जातो. दुसरं, चढलेल्या माणसाची टिपणं वाचायला मजेदार असतात पण उपयोगाची नसतात. घरी परतताना गाडी दुसऱ्याने चालवायची, हे ओघाने आलंच.

एक बारकावा बरेच जण विसरतात. गढूळ बिअरचा कॅन तीन ग्लासांत वाटला तर पहिल्या ग्लासात वरची, स्वच्छ बिअर जाते आणि शेवटच्यात तळाचा यीस्ट आणि हॉप्सचा गाळ. तीन माणसं तीन वेगळ्या बिअर पितात आणि मग वाद घालतात. आधी सगळा कॅन एका भांड्यात रिकामा करा, मग वाटा.

आणि नाव लपवा. यावर लोक नाक मुरडतात, 'मला लेबलचा फरक पडत नाही' म्हणतात. फ्रान्समध्ये बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पांढऱ्या वाइनला वासाविना लाल रंग देऊन त्यांच्यापुढे ठेवली होती. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. हे शिकलेले लोक, आणि फसवायला नुसता रंग पुरला. तिथे चकचकीत डबा, आवडती ब्रूअरी आणि 'मर्यादित उत्पादन' अशी पट्टी काय करत असेल? कोणी तरी एकाने दुसऱ्या खोलीत ओतावं, ग्लासांच्या बुडाला कागदाचे आकडे चिकटवावेत. रंगसुद्धा लपवायचा असेल तर अपारदर्शक पेले घ्यावेत.

नाक आधी, जीभ नंतर

चव म्हणून आपण जे सांगतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी कळतं. 'आंबा', 'पाइन', 'पाव' हे सगळं नाकाचं काम. म्हणून ओतल्यावर लगेच, फेस असेपर्यंत, सगळ्या ग्लासांचा वास घ्या. एकाही ग्लासाचा घोट न घेता. दोन-तीन छोटे हुंगे घ्या, लांब श्वास नको. नाक फार लवकर सरावतं आणि चौथ्या हुंग्याला काहीच येईनासं होतं. तसं झालं की स्वतःची बाही किंवा कोपराची आतली बाजू हुंगा. ओळखीचा, आपलाच वास नाकाला पुन्हा ताळ्यावर आणतो. चारचौघांत हे करताना जरा विचित्र दिसतं, इलाज नाही.

पहिला घोट हिशेबात धरू नका. सकाळची टूथपेस्ट, दुपारची कॉफी, आधीचं जेवण, सगळं त्या घोटात असतं. दुसरा घोट तोंडभर फिरवा. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा, टोकाला गोड, मागे कडू वगैरे. तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या चव-भागांना कळतात. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने हळूच श्वास सोडा. घशामागून वास वर चढतो आणि बऱ्याचदा इथेच हॉप्स खरे बोलतात. वाइन चाखणारे थुंकतात, बिअरवाले गिळतात, ते याच शेवटच्या टप्प्यासाठी.

एक छोटा खेळ करून बघा. बोटावर नुसता फेस घ्या आणि चाटा. तो बिअरपेक्षा जास्त कडू लागेल, कारण आयसो-अल्फा आम्लं बुडबुड्यांबरोबर वर जाऊन फेसात गोळा होतात. फेस टिकवण्यात त्यांचाच हात असतो. पेल एलच्या ग्लासात आतून फेसाची जाळी उतरत जाते तीही यातलीच.

मग कडवटपणाकडे. 'कडू आहे' एवढं पुरत नाही. किती वेळाने आला? कुठवर राहिला? स्वच्छ संपला की जिभेवर ओरखडे ठेवून गेला? चांगल्या जुन्या वळणाच्या पेल एलमध्ये कडवटपणा घोटाच्या मध्यावर येतो, शेवटी चढतो आणि पाच-सात सेकंदांत निघून जातो, मागे पावाच्या भाजलेल्या कडेसारखी माल्टची चव ठेवून. ड्राय हॉपिंग अति झालं असेल तर कडूपेक्षा तुरट आणि घशाशी मिरमिरणारं काहीतरी राहतं. गढूळ बिअर आवडणारे त्याला भरदारपणा म्हणतात. मला तो दोष वाटतो, पण हे माझं मत झालं.

टिपणं बोलण्याआधी लिहा. टेबलावर कोणी 'आंबा' म्हणालं की संपलं, पुढची दहा मिनिटं सगळ्यांना आंबाच येतो. आणि शब्द आपले वापरा. इंग्रजीतून आलेल्या चवीच्या याद्यांत गूझबेरी आणि टॉफी असतात. आपण आयुष्यात गूझबेरी खाल्ली नसेल तर ती ग्लासात सापडणार कुठून? आपल्या भाषेत वासाचे आणि चवीचे शब्द काही कमी नाहीत. खमंग, उग्र, आंबूस, तुरट, गुळमट, करपट, कुबट, खवट, मचूळ. यातला 'मचूळ' शब्द गॅस उडालेल्या, ओढूनताणून गोड बिअरला इतका चपखल बसतो की त्याला दुसरा शब्द शोधायची गरज मला कधी पडली नाही.

बिघडलेली की तशीच?

नव्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती हीच गोष्ट. विचित्र वास आला तर तो ब्रूअरने मुद्दाम आणलाय, की बिअर खराब आहे? पेल एलपुरते चार-पाच वास ओळखता आले तरी बरंच काम होतं.

जळक्या रबरासारखा किंवा उग्र जनावरासारखा दर्प: हा उजेडाचा परिणाम. निळा आणि अतिनील प्रकाश आयसो-अल्फा आम्लांना तोडतो आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं, जे एका लिटरमध्ये ग्रॅमच्या काही अब्जांश भागांइतकं असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी बाटली बराच बचाव करते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळपास नाहीच. कॅनमध्ये हा दोष येत नाही. बाहेर उन्हात बसून पीत असाल तर मात्र ग्लासातल्या ग्लासात काही मिनिटांतही तो येऊ शकतो, आणि ब्रूअरीला उगाच बोल लागतो.

लोण्याचा वास, जिभेवर जरा निसरडेपणा: डायअसिटिल. आंबताना यीस्ट ते तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर परत साफही करतं. घाईने थंड केली की मागे उरतं. भरपूर ड्राय हॉपिंग केलेल्या बिअरमध्ये ते डब्यात भरल्यावरही वाढू शकतं, कारण हॉप्समधली एंझाइमं उरलेल्या पिष्टाची पुन्हा साखर करतात आणि यीस्ट परत कामाला लागतं. काही इंग्लिश एलमध्ये याचा पुसट अंश चालतो. अमेरिकन वळणाच्या पेल एलमध्ये चालत नाही. शिजलेल्या मक्याचा वास आला तर तो डायमिथाइल सल्फाइडचा, हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कोवळी असताना काढलीय, जुनाट चीजचा आला तर हॉप्स शिळे होते.

आणि मग शिळेपण, पेल एलचा खरा शत्रू. ऑक्सिजन आत शिरला किंवा बिअर उबेत पडून राहिली की हॉप्सचा वास आधी जातो, मग माल्टला मधासारखा गुळमटपणा येतो, शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. गढूळ बिअरचा तर रंगही पालटतो, पिवळ्याची मळकट तपकिरी होते. ब्रूअर लोकांत एक ढोबळ नियम आहे, ३-३०-३००: साधारण ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, तिन्हींत बिअर सारखीच झिजते. म्हणून विकत घेताना मी 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' याकडे फारसं बघत नाही, भरल्याची तारीख शोधतो. ती छापलेली नसेल तर मनात पाल चुकचुकते.

हे वाचून पटत नाही, करून पटतं. एकाच खोक्यातले, एकाच तारखेचे दोन कॅन घ्या. एक फ्रिजमध्ये, दुसरा स्वयंपाकघरातल्या बंद कपाटात. महिना-दीड महिना विसरून जा. मग दुसरा कॅन दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तापमानाचा फरक राहणार नाही, आणि दोन्ही शेजारी शेजारी ओता. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रंगात काहीच वेगळं दिसलं नाही. फ्रिजवाल्याला हुंगलं तर संत्र्याची साल नखाने खरवडल्यासारखा तुषार नाकात गेला. कपाटवाल्यात तो नव्हताच. त्याच्या जागी ओल्या वर्तमानपत्राखाली झाकलेल्या मधाचा वास होता. एकटाच प्यायलो असतो तर 'माल्टचा छान गोडवा' असं बिनदिक्कत लिहिलं असतं.

तीन ग्लासांची परीक्षा

दोन बिअर खरोखर वेगळ्या कळतात का, हे तपासायची जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे त्रिकोणी चाचणी. तीन ग्लास: दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा, बस. कोणती चांगली ते विचारायचं नाही. कोणती बिअर दोनदा ओतायची आणि वेगळा ग्लास कुठे ठेवायचा याच्या मिळून सहा मांडण्या होतात. ओतणाऱ्याने फासा टाकून एक निवडावी, नाहीतर माणूस नकळत वेगळा ग्लास मधोमध ठेवतो. नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येणार. सलग दोन फेऱ्या अंदाजाने जिंकायची शक्यता नवात एक, तीन फेऱ्यांची सत्तावीसात एक. म्हणजे नुसत्या अंदाजाने सलग तीनदा ओळखण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी.

ही चाचणी अहंकाराला फार मानवत नाही. 'अमुक बिअर मी झोपेतसुद्धा ओळखेन' म्हणणारा माझा एक मित्र दुसऱ्याच फेरीत गळाला. मी पहिल्या. गुण देण्यातही याच नम्रतेचा उपयोग होतो. बीजेसीपीच्या परीक्षण-पत्रिकेत एकूण ५० गुण असतात: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या अनुभवाला ५ आणि एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३, हे मला फार आवडतं. आणि ही पत्रिका विचारते ती बिअर तिच्या प्रकाराच्या चौकटीत कशी बसते. तुम्हाला आवडली का, हा वेगळा प्रश्न. इंग्लिश पेल एलला 'हॉप्स दबके' म्हणून गुण कापणं म्हणजे ठुमरीला 'ढोल कमी' म्हणून नापास करण्यासारखं.

सगळं लिहून झालं की बुडाचे आकडे उलटून बघायचे, आणि लेबल कळल्यावर टिपणं बदलायची नाहीत. ग्लास मात्र लगेच रिकामे करू नका. प्रत्येकात एखादा घोट ठेवा आणि अर्ध्या तासाने परत या. गॅस गेलेला असतो, थंडी गेलेली असते, हॉप्सचं अत्तर उडालेलं असतं. उरतात ते माल्ट, यीस्ट आणि पाणी. मघाशी पहिली आलेली बिअर आता नुसती गोड लागेल, आणि तिसऱ्या नंबरवर टाकलेली इंग्लिश एल अजून पावासारखी खमंग असेल, असं माझ्या टेबलावर तरी वारंवार होतं. टिपणाच्या कागदावर मी आता या दुसऱ्या फेरीसाठी वेगळा रकाना ठेवतो, आणि त्याच्यावर ग्लास भरल्याची वेळ लिहितो.